बंद शाळेची हजेरी

सरकारी शाळांनी धार्मिक सणांना सुट्टी द्यावी का? पीएच.डी.च्या मुलाखतीत हा प्रश्न आला तर आपण बहुतेक जण धर्मनिरपेक्षतेवर पाच मिनिटं बोलून मोकळे होऊ. आज याच प्रश्नाचा अमेरिकेतला थोडा इतिहास सांगते. तो बराचसा हजेरीपटाचा इतिहास आहे. मी मूळची विज्ञान शाखेची, त्यामुळे वादात आकडा कुठून आला हे आधी बघायची सवय लागलेली. तुम्हीही वाचताना तेवढंच बघा.

आधी एक शब्द. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' म्हटलं की महागडी खासगी शाळा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे सरळ सरकारी, करातून चालणारी, फुकट शाळा. आपल्याकडे गुड फ्रायडे, ईद, दिवाळी हे सगळं सुट्ट्यांच्या एकाच यादीत बसतं आणि त्या दिवशी किती मुलं आली असती हे कुणी विचारत नाही. तिथे ते विचारावं लागतं. त्यांच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करू देत नाही. १९७१च्या 'लेमन' खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने कसोटी घालून दिली, की सरकारी निर्णयामागे धर्माबाहेरचा हेतू असला पाहिजे. म्हणजे 'हा पवित्र दिवस आहे म्हणून शाळा बंद' असं शाळा मंडळ म्हणू शकत नाही. पण 'त्या दिवशी मुलंही येत नाहीत आणि शिक्षकही येत नाहीत, रिकामे वर्ग कशाला चालवायचे' असं म्हणू शकतं. इथून हजेरीपट पुरावा झाला.

आता दोन खटले शेजारी शेजारी ठेवून बघा. इलिनॉय राज्यात १९४१च्या कायद्याने गुड फ्रायडेला शाळा बंद असायच्या. एका शिक्षिकेने त्याला आव्हान दिलं. १९९५मध्ये शिकागोच्या अपील कोर्टात रिचर्ड पोस्नर या न्यायाधीशांनी निकाल लिहिला, आणि कायदा रद्द झाला. नाताळला धर्माबाहेरचंही रूप आलंय, गुड फ्रायडेला ते नाही, हा त्यातला एक मुद्दा. आपल्या कामाचा मुद्दा दुसरा आहे. शाळा उघडी ठेवली असती तर किती मुलं गैरहजर राहिली असती, याचा पुरावा राज्याने दिलाच नव्हता. चार वर्षांनी, १९९९मध्ये, मेरीलँड राज्यातला तसाच खटला वरच्या कोर्टात गेला. तिथे गुड फ्रायडे ते ईस्टर सोमवार अशी सुट्टी कायद्यानेच होती. आव्हान देणारी इथेही शिक्षिकाच, माँटगोमेरी काउंटीतली. या वेळी कोर्टाने सुट्टी कायम ठेवली. त्या दिवसांत गैरहजेरी वाढेल आणि शिक्षणाचा पैसा वाया जाईल, हे कारण कोर्टाला पटलं.

इथे जरा थांबा. मेरीलँडमध्ये ईस्टरच्या आसपास शाळा बंद ठेवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासूनची. मग त्या दिवसांची गैरहजेरी मोजली कुणी, आणि कधी? बंद शाळेत हजेरी लागत नाही. जुन्या सुट्टीचा दिवस डेटामध्ये येतच नाही. तो कायम 'असं झालं असतं' या अंदाजावर उभा असतो. नव्या सणाची सुट्टी मागणाऱ्याला मात्र खरा आकडा दाखवावा लागतो, कारण त्याच्या सणाला शाळा उघडी असते. नियम कागदावर सगळ्यांना सारखा आहे, पुराव्याचा भार नाही. या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट हीच आहे. २०२२च्या केनेडी खटल्यानंतर तर सुप्रीम कोर्टाने लेमनची कसोटी बाजूला ठेवून 'इतिहास आणि परंपरा' बघायला सुरुवात केली, म्हणजे जुनं असणं हाच आता अर्धा युक्तिवाद.

त्याच माँटगोमेरी काउंटीत पुढे जे झालं ते मेथडॉलॉजीच्या पेपरात उदाहरण म्हणून लिहावं असं आहे. तिथे १९७०च्या दशकापासून रोश हशाना आणि योम किप्पुर या ज्यू सणांना शाळा बंद असायच्या, कारण तेच, विद्यार्थी आणि शिक्षक दोघांची गैरहजेरी. मुस्लिम पालकांनी ईदची सुट्टी मागितली तेव्हा मंडळाचं उत्तर ठरलेलं होतं, की शाळेच्या कामकाजावर परिणाम होण्याइतकी गैरहजेरी दिसली पाहिजे. किती म्हणजे पुरेशी? तो उंबरठा कुणी नीट सांगेना. मग पालकांनी तेच केलं जे तुम्ही-आम्ही केलं असतं. २०१३च्या बकरी ईदला त्यांनी मुस्लिमच नव्हे, इतर धर्मांच्या कुटुंबांनाही आवाहन केलं, की त्या दिवशी मुलांना घरी ठेवा. आकडा हवाय ना, घ्या आकडा! माप एकदा निर्णयाला बांधलं की माणसं मापच हलवायला लागतात. त्यांना मी दोष देणार नाही. खेळाचा नियम मंडळाने ठरवला होता.

नोव्हेंबर २०१४मध्ये मंडळाने सात विरुद्ध एक मतांनी वेगळीच वाट काढली. ईदचं नाव वेळापत्रकात घालण्याऐवजी सगळ्याच धार्मिक सणांची नावं काढून टाकली. नाताळ झाला 'हिवाळी सुट्टी', योम किप्पुरला नुसतं 'शाळा नाही'. सुट्टीचे दिवस होते तेच राहिले. मुस्लिम पालक म्हणत राहिले, आम्ही समान वागणूक मागितली होती, दुसऱ्यांची नावं खोडा असं कुठे म्हटलं होतं? २०१६पासून बकरी ईदच्या दिवशी शिक्षकांचं प्रशिक्षण ठेवायला सुरुवात झाली, म्हणजे मुलांना सुट्टी मिळाली. शाळेची नोंद 'प्रशिक्षण', घरची नोंद ईद. पन्नास वर्षांनी हे वेळापत्रक एखाद्या अभ्यासकाच्या हाती पडलं तर त्यातून काय कळेल, याचा विचार करून बघा.

गैरहजेरीच्या आकड्यात आणखी एक गोम आहे. जानेवारी २००६मध्ये न्यूयॉर्क राज्याची इंग्रजीची परीक्षा नेमकी बकरी ईदच्या दिवशी आली. त्या दिवशी वर्गात बसलेल्या मुस्लिम मुलाची हजेरी 'सण पाळत नाही' अशी वाचायची का? ते मूल फक्त परीक्षा बुडेल म्हणून आलेलं असू शकतं. हजेरी हे श्रद्धेचं माप नाही, घरी राहण्याची किंमत किती पडते याचंही ते माप आहे. तुमच्या प्रश्नावलीतही हे होतं, उत्तर देणं महाग असेल तर लोक उत्तर बदलतात. या प्रकारानंतर न्यूयॉर्कमध्ये शहराने ईदची सुट्टी द्यावी अशी मोहीम उभी राहिली, आणि धार्मिक सणांच्या दिवशी राज्याच्या परीक्षा ठेवायचं टाळावं असा कायदाही झाला. शहरातल्या शाळांना दोन्ही ईदची सुट्टी मिळायला मात्र २०१५ उजाडलं. दिवाळीचा कायदा २०२३चा. २०२४मध्ये १ नोव्हेंबरला शहरातल्या सरकारी शाळा पहिल्यांदा दिवाळीसाठी बंद राहिल्या, तिथल्या मराठी घरांतल्या मुलांसाठीही.

मग सुट्टी द्यावी की नाही? माझं मत असं आहे की सरसकट 'द्या' म्हणणं सोपं आणि थोडं निष्काळजी आहे. न्यूयॉर्क काय, मेरीलँड काय, वर्षाला १८० दिवस शाळा भरवायचा नियम आहे. त्यात एक दिवस घातला की दुसरीकडून काढावा लागतो. शाळा बंद म्हणजे रोजंदारीवरच्या आईला मूल कुठे ठेवायचं हा प्रश्न, आणि शाळेतलं जेवणही बंद. पण मोजूनच ठरवायचं असेल तर क्रम बदला. आधी सणाची गैरहजेरी बिनदंड करा, त्या दिवशी परीक्षा नको, बुडालेला अभ्यास भरून द्या. दोन-तीन वर्षं जाऊ द्या. मग मोजा. तेव्हा आलेल्या आकड्याला काही अर्थ असेल.

या विषयावर कुणाला छोटा प्रकल्प करायचा असेल तर चंद्राने तुमचं काम सोपं करून ठेवलंय. ईद दरवर्षी साधारण ११ दिवस मागे सरकते. २०१२ ते २०१६ रमजान ईद जुलै-ऑगस्टमध्ये, तिथल्या उन्हाळी सुट्टीत पडली, म्हणून त्या काळात सगळा वाद बकरी ईदवर एकवटलेला दिसतो. बकरी ईद २०१२ला शुक्रवारी, २०१३ला मंगळवारी, २०१४ला शनिवारी होती. २०१२चा आकडा त्याच महिन्यातल्या बाकीच्या शुक्रवारांशी ताडून बघा, वर्षाच्या सरासरीशी नको, कारण शुक्रवारी गैरहजेरी मुळातच वेगळी असू शकते. २०१३ची तुलना मंगळवारांशी करा, पण त्यात आवाहनाचा परिणाम मिसळलाय हे लिहून ठेवा. आणि २०१४च्या रकान्यात शून्य टाकू नका. तो रकाना रिकामा सोडा, शनिवारी शाळाच नव्हती.