छोट्या गाडीतले मोठे इंजिन

छोट्या स्पोर्ट्स गाडीचा वेग वाढवायचा तर इंजिन मोठे बसवावे की गाडीचे वजन उतरवावे, हा वाद दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये खऱ्या अर्थाने उभा राहिला. त्याचे मूळ करपद्धतीत होते. मोटारींवरचा ब्रिटिश कर अनेक दशके सिलिंडरच्या व्यासावरून ठरवला जात असे. त्यामुळे तिथल्या कारखान्यांना अरुंद सिलिंडरांची, लांब स्ट्रोकची छोटी इंजिने बनवण्याची सवय लागली होती. हा कर १९४०च्या दशकाच्या अखेरीस गेला, पण इंजिनांचा साचा तोच राहिला. अमेरिकेत मात्र पेट्रोल स्वस्त होते, आणि मोठ्या व्ही-८ इंजिनांची तिथे वाण नव्हती. ब्रिटनला डॉलर हवे होते, म्हणून एमजी टीसीसारख्या १,२५० सीसीच्या गाड्या अमेरिकेला जाऊ लागल्या. ब्रिटिश सांगाडा आणि अमेरिकन ताकद यांची गाठ पडणे मग फार दूर नव्हते.

ही गाठ आधी घालणाऱ्यांमध्ये लंडनचे सिडनी अलार्ड होते. त्यांच्या जे-२ या उघड्या गाडीत कॅडिलॅकचे व्ही-८ बसे, आणि १९५०च्या ल मान्स शर्यतीत अलार्ड व टॉम कोल यांनी ती तिसऱ्या क्रमांकावर आणली. सरळ रस्त्यावर तिला तोड नव्हती.

त्याच काळात कॉलिन चॅपमन उलट्या दिशेने निघाले होते. १९४८मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून त्यांनी पहिली गाडी बांधली आणि १९५२मध्ये लोटस कंपनी सुरू केली. त्यांचे गणित साधे होते. ताकद वाढली की गाडी फक्त वेग घेताना सुधारते. वजन घटले की वेग घेताना, ब्रेक लावताना आणि वळताना, तिन्ही वेळी सुधारते. १९५७च्या लोटस एलिटमध्ये फायबरग्लासचे कवच हाच सांगाडा होता. तिचे १,२१६ सीसीचे कॉव्हेंट्री क्लायमॅक्स इंजिन ज्या घराण्यातले, त्याचा जन्म आगीच्या बंबासाठी झाला होता. माणसांना उचलून नेता येईल असा पंप सरकारला हवा होता, म्हणून ते मुळातच हलके घडवलेले. १९६२च्या लोटस एलानचे वजन सातशे किलोच्या आत राहिले. हलक्या गाडीला मऊ स्प्रिंग चालतात, त्यामुळे चाके खडबडीत रस्त्यावरही जमीन सोडत नाहीत. एलानचे वळण आजही नमुना मानले जाते, ते याच कारणाने.

इंजिन बदलताना नुसते एकूण वजन पाहून भागत नाही; ते कुठे बसते यावर सारे अवलंबून असते. बैलगाडीत ओझे पुढे फार झाले की जू बैलांच्या मानेवर दाबते, मागे फार झाले की तेच जू वर उचलले जाते. मोटारीच्या नाकावर जड इंजिन आले की पुढच्या टायरांवर भार वाढतो, स्टिअरिंग जड होते आणि वळणावर गाडी सरळ बाहेरच्या बाजूला सरकू पाहते. शिवाय गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक आणि रेडिएटर हे सगळे जुन्या ताकदीच्या हिशेबाने बनवलेले असतात. इंजिन बदलणे म्हणजे या प्रत्येकाला हात घालणे.

कॅरोल शेल्बी यांच्या कोब्रामध्ये हे काम नीट झाले. कोब्राचा पाया असलेली एसी एस ही गाडी १९५३पासून दोन लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनांवर चालत होती. त्यातले ब्रिस्टलचे इंजिन बंद होत असताना, १९६१मध्ये, शेल्बींनी एसी कंपनीला पत्र लिहून अमेरिकन व्ही-८ बसवण्याची सूचना केली. फोर्डचे नवे व्ही-८ पातळ भिंतींच्या ओतकामामुळे आकाराच्या मानाने हलके होते. तेवढ्यावर न थांबता मागे दणकट डिफरन्शियल आले आणि पुढे रॅक-पिनियन स्टिअरिंगही आले. १९६५मध्ये सात लिटरचे इंजिन बसवायचे ठरले तेव्हा सांगाड्याच्या मुख्य नळ्या तीन इंचांवरून चार इंचांच्या केल्या आणि आडव्या पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग लावले. या गाडीचा दरारा तिच्या इंजिनामुळे आहे, पण ती चालवण्याजोगी राहिली ती या कमी बोलल्या जाणाऱ्या कामामुळे.

सनबीम टायगरची गोष्ट जास्त ओढाताणीची आहे. रूट्स कंपनीच्या सनबीम अल्पाइनमध्ये फोर्डचे ४.२ लिटरचे व्ही-८ बसवून १९६४मध्ये ती बाजारात आली. ताकद साधारण दुप्पट होऊन १६४ अश्वशक्तीवर गेली. इंजिन जितके मागे नेता येईल तितके नेले होते. त्यापायी एक स्पार्क प्लग काढायला गाडीच्या आतून, पायांजवळच्या पत्र्यातल्या भोकातून हात घालावा लागे. या गाड्या वेस्ट ब्रॉमविचला जेन्सनच्या कारखान्यात जुळवल्या जात, आणि इंजिन आत मावावे म्हणून रंग दिलेला पत्रा हातोड्याने ठोकून बसवला जाई. पुढे रूट्स क्रायस्लरच्या ताब्यात गेली. क्रायस्लरच्या व्ही-८चा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला असल्याने ते त्या जागेत मावेना, आणि प्रतिस्पर्ध्याचे इंजिन विकत राहणे मालकाला परवडणारे नव्हते. १९६७मध्ये टायगर थांबली.

या वादाचा सर्वात चोख पुरावा मात्र एमजीने दिला, कारण एकाच सांगाड्यात तिने दोन वेगळी इंजिने घालून पाहिली. १९६७च्या एमजीसीमध्ये २,९१२ सीसीचे लोखंडी सहा सिलिंडर इंजिन होते. ते मूळ एमजीबीच्या इंजिनापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड. त्याला जागा करण्यासाठी पुढचे सस्पेन्शन बदलावे लागले आणि बॉनेटला फुगवटा आला. गाडी नाकाकडे जड झाली, वळायला आळशी ठरली आणि सुमारे ९,००० गाड्यांनंतर १९६९मध्ये बंद पडली. १९७३च्या एमजीबी जीटी व्ही-८मध्ये साडेतीन लिटरचे रोव्हर इंजिन आले. ते अ‍ॅल्युमिनियमचे होते. ब्युइकने सोडून दिलेला तो आराखडा रोव्हरने १९६५मध्ये घेतला होता. त्याचे वजन एमजीबीच्या जुन्या लोखंडी चार सिलिंडर इंजिनाच्या आसपासच असल्याने गाडीचा तोल जवळजवळ जसाच्या तसा राहिला. ती बाजारात येताच तेलसंकट उभे राहिले; १९७६पर्यंत जेमतेम २,५९१ गाड्या निघाल्या. विक्रीत ती हरली, अभियांत्रिकीत नाही. इंजिनाचे लिटर मोजण्यापेक्षा त्याचे किलो मोजावेत, हे तिने एमजीसीच्या शेजारी उभे राहून दाखवले.

१९८९मध्ये माझदाने एमएक्स-५ आणली तेव्हा तोशिहिको हिराई यांच्या चमूने लोटसचीच वाट धरली. १.६ लिटरचे इंजिन पुढच्या आसाच्या मागे, बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे आणि वजन पुढे-मागे जवळजवळ समसमान. अमेरिकेत हौशी कारागिरांनी तिच्यातही पाच लिटरची फोर्ड इंजिने बसवली. १९९७नंतर शेवरोलेचे अ‍ॅल्युमिनियमचे एलएस व्ही-८ मिळू लागले, तसे ते या कामासाठी पसंतीचे झाले. चांगल्या कार्यशाळा त्याबरोबर पुढचा सबफ्रेम, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि ब्रेकही बदलतात. नुसते इंजिन कोंबलेल्या गाडीत एमएक्स-५चे काही उरत नाही. खुद्द माझदाने २०१६मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ बाहेर काढली, आणि तोपर्यंत कारखान्यातून निघालेल्या एकाही एमएक्स-५मध्ये दोन लिटरपेक्षा मोठे इंजिन नव्हते.