सहा गठ्ठ्यांची शिस्त

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव हा कापसाचा तालुका. खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी सातबारा आपल्या नावावर असणे शेतकऱ्याला किती निकडीचे असते, हे वेगळे सांगायला नको. वडिलांच्या पश्चात वारसनोंद करावयाची, तर आधी वारस नोंदवहीत चौकशी, मग फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस आणि अखेरीस मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण. प्रत्येकाने आपापले काम चोख केले, तरीही दोन टेबलांच्या मधल्या जागेत कागद थांबतो.

अनेक कार्यालये एकत्र आल्यावर पेच आणखी वाढतो. याच तालुक्यात खडकसावंगा येथे बेंबळा प्रकल्पाचे धरण आहे. अशा प्रकल्पांच्या भूसंपादनात महसूल, भूमी अभिलेख व पाटबंधारे या तिन्ही यंत्रणांची माणसे एकाच दिवशी, एकाच शेतात हजर असावी लागतात. त्यालाच संयुक्त मोजणी म्हणतात. एक जण जरी आला नाही, तरी उरलेल्यांचा दिवस वाया जातो आणि मोबदला लांबतो.

यावर उपाय म्हणून हल्ली खेळ व भाषणांची 'टीम बिल्डिंग' शिबिरे भरवली जातात. त्यांनी ओळखी वाढतात, अडलेला कागद मात्र हलतोच असे नाही. महाराष्ट्राच्या महसुली प्रशासनाने याहून रुक्ष, पण उपयोगी वाट चार दशकांपूर्वीच शोधली. 1980 च्या दशकाच्या प्रारंभी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची बैठकव्यवस्था, अभिलेख आणि कामाची वाटणी यांची नव्याने मांडणी केली. ही पद्धत 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखली जाते.

कार्यालयीन शिस्तीचा दुसरा परिचित भाग म्हणजे सहा गठ्ठे. प्रत्येक लिपिकाने आपले कागद प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे आणि नष्ट करावयाचे अशा सहा भागांत लावायचे. अभिलेखांचेही वर्ग ठरलेले असतात. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' 30 वर्षांचा, 'क' 10, 'क-1' 5 आणि 'ड' 1 वर्षाचा. वरवर ही कपाट आवरण्याची गोष्ट वाटते. वस्तुतः लिपिक रजेवर गेला, तरी शेजारच्याला त्याचे काम हाती घेता यावे, ही तिची खरी उपयुक्तता. कागद व्यक्तीच्या स्मरणात न राहता ठरलेल्या जागी राहतो. कार्यविवरण नोंदवहीचा साप्ताहिक गोषवारा त्याला जोड देतो. मागील शिल्लक किती, आठवड्यात आले किती, निकाली निघाले किती, हे त्यातून वरिष्ठांबरोबरच सहकाऱ्यांनाही दिसते.

2017 मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल' या नावाने याच शिस्तीला नवे बळ दिले. जुने अभिलेख वर्गीकृत करून निकाली काढणे आणि रोजचे काम रोज संपवणे, अशी ती दुपेडी मोहीम होती.

कायद्याचा आधारही आहे. बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या राज्य अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे 7 कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहता कामा नये. अन्य विभागाचा अभिप्राय लागत नसेल तर निर्णयाला 45 दिवस, लागत असेल तर 3 महिने. दुसऱ्या कार्यालयाकडे गेलेल्या कागदाला मुळातच जास्त वेळ लागतो, हे कायद्यानेही मान्य केले आहे.

सहा गठ्ठ्यांतला दुबळा दुवा नेमका हाच. दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तरासाठी थांबलेले प्रकरण 'प्रतीक्षाधीन' गठ्ठ्यात जाते आणि प्रलंबितांचा आकडा खाली येतो. स्मरणपत्राची तारीख नोंदवलेली नसेल, तर ते तेथेच विसरले जाते. म्हणून कार्यालयाची तपासणी करताना प्रलंबितांपेक्षा हा दुसरा गठ्ठा आधी सोडवून पाहणे इष्ट. भूमी अभिलेखाच्या उत्तराची वाट पाहणारी मोजणीची प्रकरणे बहुधा तेथेच सापडतात.