'कप' की 'कुप'?

इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हा प्रश्न कधी ना कधी विचारला गेलेला असतो : बी-यू-टी 'बट', तर पी-यू-टी 'पुट' का? "ती भाषाच तशी" असे म्हणून आपण पुढे जातो. एखादा मुलगा 'कप'ला 'कुप' वाचतो तेव्हा वर्ग हसतो. त्या हशात आम्हीही सामील झालो आहोत, हे कबूल केले पाहिजे.

हाच मुलगा उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स शहरात 'कुप' म्हणाला असता तर कोणी हसले नसते. तेथील पुष्कळ लोक आजही साधारण तसेच बोलतात. एका इंग्रजाचे बोलणे दुसऱ्या इंग्रजाला न कळणे ही तर फार जुनी गोष्ट आहे.

इंग्लंडमध्ये छपाई सुरू करणारा विल्यम कॅक्स्टन याने १४९० मध्ये छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक हकीकत सांगितली आहे. काही व्यापारी लंडनहून जहाजाने समुद्रापलीकडे निघाले होते. वारा पडला म्हणून ते केंटच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांतल्या एका कापडव्यापाऱ्याने एका घरी जाऊन खायला 'एग्ज' मागितली. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते! शेवटी दुसऱ्या एकाने 'आयरन' हवीत असे सांगितले आणि बाईला लगेच उमगले. अंडी ती अंडीच. पण 'आयरन' हा इंग्रजीचा आपला जुना शब्द, तर 'एग' हा नवव्या शतकापासून उत्तर व पूर्व भागांत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून आलेला. आता छापायचे तरी काय, 'एग्ज' की 'आयरन', असा प्रश्न कॅक्स्टनला पडला. आज जगभर कोणता शब्द चालतो ते आपण पाहतोच. म्हणजे त्या बाईला जो परका वाटला तोच टिकला.

छपाईमुळे शब्दांचे लेखन हळूहळू ठरून गेले. उच्चार मात्र कोणी बांधून ठेवले नव्हते. कॅक्स्टनच्या काळी 'कप' आणि 'पुट' या दोन्ही शब्दांत 'उ'च होता, म्हणून दोहोंत 'यू' हे अक्षर आले. पुढे सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेत बहुतेक शब्दांतल्या या 'उ'चा 'अ'सारखा उच्चार होऊ लागला. काही शब्द त्यातून सुटले. उत्तरेत हा बदल पोचलाच नाही. तेव्हा 'कुप' म्हणणारा मुलगा चुकतो खरा, पण चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये त्याचे बरोबर ठरले असते. 'कार'मधला 'र' दक्षिणेने असाच पुढे गमावला. स्कॉटलंड-आयर्लंडने तो ठेवला, आपणही ठेवतो.

मग दक्षिणेचे तेच शुद्ध, असे ठरले कशाने? भाषेच्या गुणाने नव्हे. राजधानी तेथे, दरबार तेथे, मोठी विद्यापीठे जवळ. डॅनियल जोन्स यांनी १९१७ मध्ये उच्चारकोश काढला तेव्हा नमुना घेतला तो ज्या दक्षिणी घरांतील पुरुष महागड्या निवासी शाळांत शिकलेले असत, त्या घरांचा. हाच सर्वांनी बोलावा असा जोन्स यांचा आग्रह नव्हता; पण कोशाचा वापर तसाच झाला. बीबीसीवरही हाच उच्चार रुळला. १९४१ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवले गेले. शेवटी उत्तरेच्या श्रोत्यांना ते 'गुड नाइट' ऐवजी 'गुड नीट' म्हणत. तक्रारी आल्या. असल्या उच्चारातल्या बातम्यांवर विश्वास कसा ठेवायचा, असा काहींचा सूर होता.

विश्वासाचा आणि कळण्याचा संबंध असतो का? १९९२ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी याबद्दलचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका अमेरिकन बाईच्या आवाजातले छोटे व्याख्यान ऐकवले. ध्वनिफीत एकच, पण काहींसमोर गोऱ्या बाईचे छायाचित्र ठेवले, काहींसमोर आशियाई चेहऱ्याच्या बाईचे. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परका हेल ऐकू आला, आणि व्याख्यानावरच्या चाचणीत त्यांना गुणही कमी पडले.

'पुट'चा प्रश्न पुन्हा आला तर फळ्यावर पुट, पुल, पुश, बुल, फुल हे शब्द इंग्रजीत लिहावेत आणि प्रत्येकाचा पहिला ध्वनी म्हणताना ओठ काय करतात ते मुलांना पाहायला सांगावे. 'उ'लाही ओठांचा चंबू लागतो. या ओठांच्या सोबतीनेच तेथे जुना 'उ' तगून राहिला, हे त्यांचे त्यांना सापडेल. मग 'बट'मध्ये का नाही राहिला, असे कोणीतरी विचारीलच. तेथे हा नियम लंगडा पडतो, तेही सांगून टाकावे.