गुदमरलेल्या हृदयाची हाक

साल १९६३. तुम्ही अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये, डॉ. रॉबर्ट बर्न यांच्या प्रयोगशाळेत उभे आहात. समोर नळीला जोडलेलं मांजराचं हृदय देहाबाहेरही धडधडतंय. त्याला मिळणारा प्राणवायू आता तोडलाय. तरीही त्याच्या धमन्यांतून बाहेर येणारी धार वाढते! गुदमरलेलं हृदय स्वतःसाठी वाट रुंद करून घेतंय. ते कसं?

आत शिरा, थेट पेशीत. इथलं चलन म्हणजे एटीपी. खर्च चालूच आहे, पण प्राणवायूवाचून नवं तयार होत नाही. एकेक फॉस्फेट गळतं. एटीपीचं एडीपी, मग एएमपी आणि शेवटी अॅडेनोसिन. हे मात्र पेशीचं आवरण ओलांडून बाहेर पडतं आणि धमनीच्या स्नायूंना सैल करतं.

पण बर्न यांच्या नमुन्यांत सापडतात इनोसिन आणि हायपोझँथिन. अॅडेनोसिन गेलं कुठे? त्याच्यामागे रक्तात उतरा. लाल पेशी त्याला झटकन आत ओढतात, विकरं त्याचा अमिनो गट काढतात आणि त्याचं इनोसिन होतं. रक्तात त्याचं अर्धायुष्य दहा सेकंदांहूनही कमी! उरलेल्या अवशेषांवरून बर्न यांनी मूळ दूत ओळखला. या तर्काला मी मनापासून सलाम करतो.

आणखी मागे चला, १९२९च्या केंब्रिजला. ड्रुरी आणि सेंट-ज्यॉर्जी हे शास्त्रज्ञ हृदयस्नायूचा अर्क प्राण्यांना टोचून पाहताहेत आणि ठोके मंदावताहेत. कारण, अर्कातली अॅडेनिनची संयुगं, म्हणजे अॅडेनोसिनचंच कुटुंब. त्याच वर्षी बोस्टनमध्ये भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि सायरस फिस्के, तर जर्मनीत कार्ल लोमान, स्वतंत्रपणे एटीपी वेगळं करताहेत.

आता परत या. हृदयविकाराच्या झटक्यात धमनी बंदच राहिली, तर रुंद करायला वाटच उरत नाही. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत, रक्त तोडल्यावर चाळीस मिनिटांत त्या भागातलं एटीपी दहा टक्क्यांच्याही खाली गेलं. धमनी पुन्हा उघडली की वाचलेल्या पेशी धडधडतात, पण त्यांच्यात साठलेले एटीपीचे तुकडे रक्ताबरोबर वाहून जातात आणि एटीपीचा साठा भरून यायला काही दिवस लागतात.

म्हणून छातीत दाटून आलं, घाम फुटला, तर ‘पित्त असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ला फोन करा.