तुळईच्या पोटातली रेषा

1638 साली हॉलंडमधल्या लायडन गावी गॅलिलिओचं शेवटचं मोठं पुस्तक छापून निघालं. लेखक तेव्हा फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीला नजरकैदेत होता, डोळेही गेले होते. ग्रहताऱ्यांवर बोलायला बंदी, म्हणून म्हातारा तुळयांकडे वळला असं म्हणायचा मोह होतो. पण पादुआला शिकवत असल्यापासून हा विषय त्याच्या डोक्यात होता.

पुस्तकात एक चित्र आहे. पडक्या भिंतीत एक टोक रुतलेली तुळई, दुसऱ्या टोकाला टांगलेलं वजन. आपल्या खिडकीवरच्या सज्ज्याची अवस्था हीच. गॅलिलिओने मानलं, की तुळई भिंतीलगतच्या खालच्या कडेवर उलथते आणि तिथला सगळा छेद सारख्याच जोराने ताणला जातो. त्यातून एक गोष्ट अचूक निघाली: ताकद रुंदीच्या पटीत वाढते, पण उंचीच्या वर्गाच्या पटीत. फळी पसरट टाकण्यापेक्षा उभी टाकली तर जास्त पेलते, हे सुतार जाणतच होते. किती पट, ते आता सांगता आलं.

ताणाचा आकडा मात्र चुकला. दोन टोकांना टेकलेली 3 मीटर लांबीची, 10 सेंमी रुंद आणि 20 सेंमी उंच तुळई घ्या, मधोमध 400 किलो ठेवा. तुळईचं स्वतःचं वजन सोडून दिलं, तर गॅलिलिओच्या रीतीने ताण येतो चौरस सेंटिमीटरला 15 किलो. खरा येतो 45. एवढ्या फरकात छप्पर डोक्यावर येतं.

चूक कुठे होती? वाकलेल्या तुळईत एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. इंग्लंडमध्ये हूकने 1678 साली हे नेमकं सांगितलं. म्हणजे मधे कुठेतरी ना ताण ना दाब अशी रेषा असणारच. ती कुठे, यावर पुढची दीडशे वर्षं गेली. व्हर्सायच्या पाण्याच्या नळांसाठी प्रयोग करणाऱ्या मारिओतने रेषा मधोमध धरून पाहिली, पण हिशेबात घसरला आणि ताकदीचं उत्तर खऱ्याच्या दुपटीवर अडकलं.

बरोबर उत्तर 1713 सालीच पॅरिसच्या पारांने दिलं होतं: रेषा मधोमध, आणि ताकद रुंदी गुणिले उंचीचा वर्ग, भागिले सहा, या पटीत. पण त्याचं लिहिणं किचकट, इतरांच्या चुका काढताना जीभ तिखट. त्याला कोणी वाचलंच नाही. आपल्याला हा माणूस गॅलिलिओइतकाच मोठा वाटतो.

मार्टिनिक बेटावर किल्ला बांधून परतलेल्या कुलाँने 1773 साली तोल मांडला: छेदावरचा एकूण ताण आणि एकूण दाब समान हवेत. शेवटचा हात फ्रेंच अभियंता नेव्हिएचा. 1819 च्या व्याख्यानांत तोही चुकला होता. 1826 च्या पुस्तकात मात्र त्याने ती रेषा छेदाच्या गुरुत्वमध्यातून जाते हे पक्कं केलं. छेद कुठल्याही आकाराचा असो, बेंडिंग मोमेंट (तुळईला वाकवणारा जोर गुणिले त्याचं अंतर) गुणिले रेषेपासूनचं अंतर, भागिले छेदाचा जडत्वाघूर्ण (छेदाच्या आकारावरून निघणारी संख्या), की ताण हाती येतो. डिप्लोमाची पोरं आज हेच सूत्र घोकतात.

रेषेजवळचा माल जवळजवळ रिकामाच बसलेला असतो, हेही त्यातून कळलं. मग लोखंड तिथे कशाला खर्चायचं? ते वरखाली कडांना सारलं, मधे पातळ पट्टी ठेवली, की आय आकाराचा गर्डर होतो.