डिस्क-सिंक चाचणी (राइट-अहेड लॉगची)

डेटाबेसमधला बदल मूळ तक्त्यात उतरण्याआधी लॉगमध्ये लिहून डिस्कवर पक्का करतात. हे पक्के करण्याच्या निरनिराळ्या पद्धतींचा वेग मोजणारी ही चाचणी. कर्जत-खालापूरच्या तलाठी सजांत अशी शिस्त संगणकाच्या आधीपासून आहे : जमिनीचा व्यवहार प्रथम गाव नमुना ६ मध्ये फेरफार म्हणून नोंदला जातो आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर सातबाऱ्यावर त्याचा अंमल होतो.

लॉगमध्ये लिहिलेला मजकूर आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत व पुढे डिस्कच्या कॅशमध्ये थांबतो. वीज गेली की मेमरीतला नाहीसा होतो. कॅशला बॅटरी किंवा कपॅसिटरचा आधार नसेल तर तिथलाही. घाटाच्या पायथ्याशी पावसाळ्यात वीज जातेच, त्यामुळे कर्जत किंवा खोपोलीत स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या पतसंस्थेला हा प्रश्न पुस्तकी नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत यासाठी एफसिंक, एफडेटासिंक, ओपन-सिंक, ओपन-डेटासिंक आणि एफसिंक-राइटथ्रू असे पर्याय आहेत. सगळे प्रत्येक यंत्रणेवर मिळत नाहीत. लिनक्सवर एफडेटासिंक गृहीत धरलेला असतो. लॉगच्या १६ एमबीच्या फायली आधीच पूर्ण आकाराच्या करून पुन्हा वापरल्या जातात. आकार बदलत नसल्याने फाइलची वेळ वगैरे तपशील दर वेळी डिस्कवर नेण्याची गरज उरत नाही, आणि एफडेटासिंक तेवढेच काम वाचवतो.

पोस्टग्रेससोबत येणारे पीजी-टेस्ट-एफसिंक हे साधन प्रत्येक पद्धतीने ८ केबीचे तुकडे लिहून पाहते, एरवी पाच-पाच सेकंद, आणि सेकंदाला किती वेळा सिंक झाले ते सांगते. सर्वांत मोठा आकडा निवडण्याचा मोह इथेच घातक ठरतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. एकामागोमाग एक सिंक करताना तिच्यावर हजारोंचा आकडा दिसला, तर मजकूर बहुधा तबकडीवर न पोचता कॅशमध्येच थांबला आहे. मॅकओएसवर साधा एफसिंक डिस्कची कॅश रिकामी करत नाही. त्यासाठीच राइटथ्रू हा पर्याय आहे. वीजसुरक्षित एसएसडीवर मात्र मोठा आकडा खरा असू शकतो. म्हणून लेखन चालू असताना यंत्राची वीज तोडून, पक्क्या म्हणून कळवलेल्या नोंदी परत सुरू केल्यावर सापडतात का, हेही तपासावे लागते.

सिंक अयशस्वी झाल्यावर लिनक्स एकदाच त्रुटी कळवून न लिहिलेली पाने लिहिली गेल्यासारखी धरू शकते, हे २०१८ मध्ये चर्चेत आले. २०१९ च्या आवृत्त्यांपासून असे घडल्यास पोस्टग्रेस पुन्हा प्रयत्न न करता थांबतो आणि लॉगवरून सावरतो.