चित्रांची चोरी आणि राष्ट्रांच्या सीमा

चोरलेलें सोनें आटवितां येतें. आटविल्यावर तें मूळ कोणाचें, हें ब्रह्मदेवालाहि सांगतां येणार नाहीं. चित्राची गोष्ट निराळी. त्याचें मोल त्याच्या रूपांतच असतें; रूप पुसलें कीं मोलहि संपलें. म्हणून जगप्रसिद्ध चित्र चोरणारा मनुष्य विचित्र पेचांत सांपडतो. हातीं कुबेराचें धन असतें, पण तें बाजारांत दाखविण्याची सोय नसते. मग बहुधा दोनच वाटा उरतात: मूळ धन्याकडे खंडणी मागावयाची, किंवा चित्र दडवून दूरदेशीं गिऱ्हाईक शोधावयाचें. या दुसऱ्या वाटेमुळेंच हा प्रश्न एका देशाच्या पोलिसांच्या आटोक्यांत राहत नाहीं.

१९११ सालच्या ऑगस्टमध्यें पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयांतून 'मोना लिसा' नाहींशी झाली. संग्रहालयांत पूर्वीं काम केलेल्या पेरुजा नांवाच्या इटालियन कारागिरानें ती नेली होती. दोन वर्षांहून अधिक काळ चित्र त्याच्यापाशींच होतें. अखेर १९१३ च्या डिसेंबरांत त्यानें तें फ्लॉरेन्सला एका कलाव्यापाऱ्याकडे नेलें आणि तो पकडला गेला. म्हणजे चित्र सांपडलें तें पोलिसांच्या कौशल्यापेक्षां चोराच्याच उतावीळपणामुळें.

पुढें १९१४ सालीं मोनॅको येथें निरनिराळ्या देशांचे पोलीस व न्यायाधिकारी एकत्र जमले, आणि १९२३ सालीं व्हिएन्ना येथें जी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली तीच आजची इंटरपोल होय. चोरीस गेलेल्या कलाकृतींचीं वर्णनें देशोदेशीं धाडण्यास तिनें १९४७ पासून आरंभ केला. या संस्थेविषयीं एक गैरसमज रूढ आहे. तिचे शिपाई देशोदेशीं हिंडून चोर पकडतात, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः अटक करण्याचा अधिकार तिला नाहीं. तो ज्या त्या देशाच्या पोलिसांकडेच राहतो. एका देशाची वार्ता दुसऱ्यास पोंचविणें हें तिचें मुख्य कार्य. एवढ्यानें भागत नाहीं, तेव्हां एका देशाचे अधिकारी दुसऱ्या देशांत जाऊन काम करतात. आणि खरा नाजुक प्रश्न तेथेंच उद्भवतो.

१२ फेब्रुवारी १९९४ रोजीं नॉर्वेंतील लिलेहामर येथें हिवाळी ऑलिंपिक सामन्यांचें उद्घाटन व्हावयाचें होतें. त्याच दिवशीं पहाटे दोघांनीं ओस्लोच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहाच्या भिंतीला शिडी लावली, खिडकी फोडली आणि एडवर्ड मुंक याचें १८९३ सालचें 'किंकाळी' हें चित्र उतरवून नेलें. सारें काम मिनिटाच्या आंत उरकलें. धोक्याची घंटा वाजली होती. पहारेकऱ्यानें ती मनावर घेतली नाहीं. जातांना चोरांनीं एक चिठ्ठी ठेविली. निकृष्ट पहाऱ्याबद्दल तींत सहस्र धन्यवाद दिले होते!

पुढें खंडणीची मागणी आली. ती संग्रहालयानें फेटाळली. नॉर्वेच्या पोलिसांनीं लंडनच्या स्कॉटलंड यार्डचें साहाय्य घेतलें. त्या खात्याचा चार्ल्स हिल हा अधिकारी अमेरिकेंतील धनाढ्य गेटी संग्रहालयाचा प्रतिनिधि बनला. या सोंगास त्या संग्रहालयाची संमति होती. वाटाघाटींचें जाळें विणलें गेलें, आणि ७ मे रोजीं ऑस्गोर्डस्ट्रान गांवीं चित्र त्याच्यासमोर आलें. मुंकचें उन्हाळ्यांतलें घर याच गांवीं होतें. चित्रावर पूर्वींपासून असलेल्या मेणाच्या थेंबांवरून हिलनें तें अस्सल असल्याची खात्री करून घेतली. बनावट करणारा रंगरेषांची नक्कल करील. पण सहज उडालेल्या थेंबांची हुबेहूब नक्कल कोण करणार?

१९९६ सालीं चौघे दोषी ठरले. परंतु अपिलांत त्यांतील कांहीं जण सुटले. कारण ब्रिटिश अधिकारी खोट्या नांवांनीं नॉर्वेंत शिरले होते. चित्र मिळालें, आणि तें मिळविण्याच्या रीतीमुळेंच आरोपी मोकळे झाले!

हें वाचून न्यायालयाचा राग येणें स्वाभाविक आहे. परंतु थोडा विचार करतां तो ओसरावा. परक्या राज्यांत साहाय्यार्थ आलेला अधिकारीहि त्या राज्याच्या कायद्याखालींच असतो. आज चित्रासाठीं त्याला खोटें नांव घेऊं दिलें, तर उद्यां दुसऱ्या कोणत्या कामासाठीं कोण कोणत्या नांवानें येईल, याला मर्यादा राहणार नाहीं. चित्राच्या मालकीचें रक्षण जो कायदा करतो, तोच आरोपीचेंहि करतो. त्याचे दोन तुकडे करतां येत नाहींत. दुसऱ्या बाजूनें, हिलच्या सोंगाविना तें चित्र कदाचित् कायमचें नष्ट झालें असतें, हेंहि नाकारतां येत नाहीं. नॉर्वेला दोहोंची निवड करावी लागली, आणि चोरांच्या शिक्षेपेक्षां चित्र मोठें ठरलें. ही किंमत मोठी खरी. पण ती फुकट गेली असें आम्हांस वाटत नाहीं.

फुकट गेला तो दुसराच धडा. २००४ सालच्या ऑगस्टमध्यें ओस्लोच्याच मुंक संग्रहालयांत सशस्त्र चोर दिवसाढवळ्या शिरले आणि 'किंकाळी'ची दुसरी प्रत व 'मॅडोना' हें चित्र घेऊन गेले. २००६ सालीं दोन्ही चित्रें परत मिळालीं, पण त्यांना इजा झाली होती. राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य कितीहि वाढलें तरी तें चोरी झाल्यानंतरच जागें होतें. परदेशाचा पोलीस मदतीस धांवून येईल. घंटा ऐकून उठणें हें मात्र घरच्याच पहारेकऱ्याचें काम आहे.